माळावरचा सूर

धुकं झाडांशी गप्पा मारायचं, त्या काळी एका रानात प्राण्यांचा रॉक बँड होता. अस्वल ड्रम वाजवी आणि कोल्हा गाई. बँडमधल्या भुरी नावाच्या खारीला सिंथेसायझर हवा होता, म्हणून ती कासवदादांच्या दुकानात गेली. तिथली वाद्यं बोलायची.

"माझ्यात हजार आवाज आहेत," चकचकीत सिंथेसायझर म्हणाला, "पण मला धुळीत नेऊ नका हं."

कोपऱ्यातला जुना हळूच म्हणाला, "मला चारच येतात. पण कुठेही न्या, मी वाजेन."

भुरीची नजर चकचकीत सिंथेसायझरवरून हलेना. पण त्याची किंमत झेपणारी नव्हती आणि बँड वाजवणार होता ती जत्रा तर उघड्या माळावर होती. जड मनाने तिने जुनाच उचलला.

जत्रेत गाणं रंगात आलं आणि वावटळ उठली. अस्वलाच्या काठ्या उडाल्या, कोल्ह्याला ठसका लागला. भुरीने डोळे मिटून एकच पट्टी दाबून धरली. धुळीतून लांब, मऊ सूर तरंगत राहिला. हरणं, ससे, मोर जागच्या जागी डोलू लागले.

वारा निवला तेव्हा कोल्हा कुजबुजला, "पुढचं गाणं घ्यायचं?"

"थांब ना," भुरी म्हणाली, "हे अजून संपलं नाहीये."