न पेटणारा दिवा

"मग हा दिवा पेटत का नाही, वस्ताद?"

सुगंधानं बोर्ड दुरुस्तीवाल्या दौलूवस्तादांच्या टेबलावर आपटला. मूठभर काढलेले बारके दिवेही टाकले.

लग्नाच्या मंडपांना दिव्यांच्या माळा लावणारी बाई ती. तिच्या हातचा दिवा विझलेला कुणी पाहिला नव्हता, आणि हे ती आल्यागेल्याला ऐकवायची.

बोर्ड तिनं घरीच जोडला होता, आर्डुइनो नावाच्या चिमुकल्या संगणक-पट्टीवर बसेल असा. वर वाटीएवढं एकच बटण. टोकाला रिमोटला असतो तसला काचेसारखा बारका दिवा. तिच्या आईचं अंग लुळं पडलं होतं, हात तेवढा हलायचा. पंख्याच्या रिमोटचं बटण बोटानं दाबवत नव्हतं. थंडी वाजली की पंखा बंद करायलाही म्हातारी लेकीला हाका मारायची. लेक मंडपात असली की कुडकुडत पडायची.

"सगळे दिवे बदलले. सगळे मेलेले. दुकानदार चोर आहे!"

"पंख्यासमोर धरलास?"

"न पेटणारा दिवा घेऊन आईसमोर जाऊ? मी?"



वस्तादांनी तिनं टाकलेले दिवे खिशात घातले, बोर्ड उचलला आणि चपला घातल्या.

"कुठं निघालात?"

"तुझ्या घरी."

"वस्ताद, माझं हसं करू नका!"

ते चालू लागले. ती बडबडत मागं.

म्हातारी पंख्याखाली, गोधडी हनुवटीपर्यंत ओढलेली.

"सुगे, आलीस? बंद कर गं ते मेलं वारं."

सुगंधा रिमोटकडे धावली. वस्तादांनी हात आडवा घातला. बोर्ड म्हातारीच्या उजव्या हाताखाली सरकवला.

"आक्का, तुम्हीच करा."

"मी? माझ्या बोटांत जीव कुठाय?"

"मूठ आहे ना?"

म्हातारीनं मूठ आपटली.

दिवा पेटला नाही. सुगंधानं मान फिरवली...

वर पंख्याची घरघर मंदावली. पाती दिसू लागली. थांबली.



म्हातारीनं पुन्हा मूठ मारली. पंखा सुरू. पुन्हा मारली. बंद. पुन्हा सुरू!

"अगं बया! माझं ऐकतोय!" म्हातारी खिदळली. "सुगे, जा तू आता तुझ्या मंडपात. मी हाय इथं मालकीण!"

सुगंधा रडत होती, हसत होती, शेजारणींना हाका मारत होती. मध्येच ती बोर्डावर वाकली. डोळा अगदी दिव्याला लावला.

"पण वस्ताद... हा अजून विझलेलाच आहे."

वस्तादांनी खिशातले दिवे काढून तिच्या ओंजळीत ओतले.

"रिमोटचा उजेड आपल्या डोळ्याला दिसत नाही, पंख्याला दिसतो. हेही सगळे पेटत होते."