फुलाचा देठ

डोंगराला अजून पायवाट पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. कुड्याच्या पांढऱ्या फुलांवर गेलेल्या दोन मधमाश्या पोळ्यात परतल्याच नाहीत. वाट चुकल्या असतील, असं सगळ्या म्हणाल्या. म्हाताऱ्या मावशीला ते काही पटलं नाही. दुसऱ्या दिवशी ती भाचीला, ठिपकीला, घेऊन तिकडेच निघाली.

झुडपापाशी पोचताच एका टपोऱ्या फुलानं हाक मारली, “ये गं, लवकर ये! मध आत्ताच आहे, मागाहून मिळायचा नाही.”

ठिपकी झेपावली, तशी मावशी आडवी आली. “थांब! आजवर कुठल्या फुलानं तुला हाक मारली होती?”

“पण मावशी, पाकळ्या अगदी तशाच आहेत. वाससुद्धा तोच.”

“वास शेजारच्या फुलांचा असेल. पाकळ्यांचं सोंग कुणीही आणील. तू खाली जाऊन देठ बघ.”

“एवढा संशय? राहू दे मग, दुसरी कुणी येईल,” फूल फणकारलं.

ठिपकी खाली गेली. बाकीच्या फुलांचे देठ फांदीतूनच फुटले होते. हे फूल मात्र फांदीला नुसतं धरून बसलं होतं. त्याच्या देठाला गुडघे होते. खालच्या पानावर मधमाश्यांचे पंख पडले होते.

“अगं, येतेस ना?” वरून गोड आवाज आला.