फुटीचा रांजण

एका राज्यात अरिंजय नावाचा राजा होता. राज्याच्या उत्तरेला काळा डोंगर होता आणि डोंगराच्या पोटात तांब्याचा एक रांजण होता. रांजणाला लोखंडाचे कडे होते, वर सोन्याचे झाकण होते. खदिरांगार नावाचा मांत्रिक त्याची राखण करीत असे. रांजणात खजिना आहे, हे सर्वांस ठाऊक होते. खजिन्याखाली काय आहे तेही खदिरांगार सांगत असे, पण ऐकावयास कोणी थांबत नसे.

राजाने मालजी लोहाराला डोंगरावर नेले आणि रांजण फोडण्याची आज्ञा केली. मालजीने छिन्नी टेकवली, आणि खदिरांगार म्हणाला, "लोहारा, याच्या तळाशी फूट कोंडलेली आहे."

मालजीचा हात थबकला. राजा म्हणाला, "मी सांगतो. फोड."

मालजीने फोडले. कडे तडकले, तांबे उभे चिरले, झाकण सुटले. सोने राजाच्या गोण्यांत गेले. मग तळातून रंग नसलेली, वास नसलेली एक झुळूक निघाली आणि डोंगर उतरून गेली. तीच फूट.

आधी भांडी गेली. हंड्यांची बुडे गळून पडली, गाड्यांच्या चाकांवरच्या लोखंडी धावा उलगडल्या, तलवार उपसावी तर मूठ हाती येई आणि पाते म्यानात राही. लोहार, कासार दिवसभर राबत. सांधा लाल असेतो जुळे, निवला की उघडे. मग हाडांची पाळी आली. मोडलेले हाड सांधेना, चिरलेली कातडी मिळेना. गडाचा दरवाजा बिजागऱ्यांतून निखळला तो मालजीच्या मांडीवर पडला. वैद्यांनी कामट्या बांधल्या, तरी हाडाची दोन टोके आत एकमेकांस घासतच राहिली. राजवाड्यात राणी बाळंत झाली, पण राजपुत्राची टाळू भरेना. दिवसागणिक ती रुंदावत चालली. दाया त्याला उचलताना श्वास धरीत.

मालजीची बायको भिवरा. तिचा जन्म भात्यावर आणि घणावर गेला होता. तापाच्या भरात नवऱ्याने तिला सगळे सांगितले. तिला राग आला, पण तो कोणावर धरावा हे उमजेना. हुकूम राजाचा होता, हात नवऱ्याचा होता. ती बाहेर सावरीच्या झाडाखाली जाऊन बसली. वर तांबट पक्ष्याची टुकटुक चालली होती. ती थांबली आणि पक्षी बोलला:

"भिवरे, रांजण सांधल्यावाचून या राज्यात काही सांधायचे नाही. हातोडा घे आणि डोंगर चढ."

भिवराने हातोडा घेतला, सांडस घेतली, मूस घेतली, चीर भरणाऱ्या डाखासाठी कथील घेतले आणि ती चालू लागली.

खदिरांगार रांजणाशेजारीच बसला होता. तिने त्याला विचारले की, महाराज, आपण का नाही सांधत? तो म्हणाला, "मी राखणदार, सांधणारा नव्हे. सांधे तीन आहेत. प्रत्येक सांधा आपले मागून घेतो."

पहिला सांधा लोखंडाचा. त्या डोंगरावर कोळसा पेट घेत नसे. लोखंडाने तिच्या केसांचा काळेपणा मागितला. भिवराने अंबाडा सोडून केस आगटीवर धरले. काळेपणा ओघळून खाली पडला आणि पेटला. केस तागासारखे पांढरे झाले. त्या आगीत लोखंड पांढरेफेक झाले, ठिणग्या सोडू लागले. तिने टोकावर टोक ठेवून घाव घातले. कडे एकजीव झाले आणि निवल्यावरही उघडले नाही.

दुसरा सांधा तांब्याचा. काजळी धरलेल्या तांब्यावर डाख वाहत नाही, म्हणून कारागीर टाकणखार टाकतात. तिथे टाकणखार उडून जाई. तांब्याने तिचे अश्रू मागितले, सगळेच्या सगळे. भिवरा नवऱ्यासाठी रडली, मेलेल्या आईबापांसाठी रडली, पुढे जे व्हायचे होते त्यासाठीही रडून घेतले. चीर लखलखीत झाली, डाख तिच्यातून सरसर धावला. भिवराचे डोळे कोरडे झाले ते कायमचे.

तिसरा सांधा सोन्याचा. खदिरांगार म्हणाला, "लुटलेले सोने परत यावे. शिवाय सांध्याला दोन काठ लागतात. एक काठ फोडणारा हात, दुसरा फोडायला लावणारी जीभ. दोन्ही दिल्यावाचून झाकण बसायचे नाही."

भिवरा खाली आली. मालजीपासून तिने काही लपवले नाही. त्याने आपले दोन्ही हात पांघरुणावर ठेवले.

"उजवा?"

"उजवा."

"मग मला वर ने."

राजाकडे तिने सोने आणि जीभ मागितली, त्याने मात्र तिला दरबारातून ढकलून काढले. पण त्याच सकाळी न्हाऊ घालताना दाईचे बोट राजपुत्राच्या टाळूवर नकळत टेकले. बाळ मेले नाही. पण त्याचे रडणे थांबले, आणि डोळे मिटेनात. राजा त्या पाळण्यापाशी बसून राहिला. मग त्याने सोन्याच्या गोण्या बैलांच्या पाठीवर लादल्या आणि स्वतः पायी निघाला. मालजीला झोळीत घालून वर नेले.

सोने रांजणात ओतले, झाकण वर ठेवले. भिवराने मुशीत सोने वितळवले. मालजीने उजवा हात झाकणाच्या फटीवर ठेवला. खरा सांधा जुळू लागला की फूट तो तोडायला धावते. तशी ती आली. वाटेतली झाडे उभी चिरत आली आणि फटीत शिरली. तिथून ती भिवराशी भिवराच्याच आवाजात बोलली.

"हात तुझ्या माणसाचा का जावा? राजाचा घे. तो समोरच उभा आहे."

भिवराला ते पटले. मूस राजाकडे कलली.

"भिवरे," मालजी म्हणाला, "छिन्नी माझ्या हातात होती. ओत."

राजा मालजीजवळ येऊन गुडघ्यांवर बसला. "लोहारा, तुझा हात माझ्या हुकमाने उठला. पाप माझे." ते त्याचे शेवटचे बोल. पुढे त्याची जीभ कधी हलली नाही.

भिवराने ओतले. मांस जळल्याचा वास डोंगरभर पसरला. मालजी ओरडला. तिला रडावयास डोळ्यांत काही नव्हते. तिने मूस शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली. फूट आत खरवडत राहिली, मग गप्प झाली. मालजी मागे सरला तेव्हा हात मनगटापर्यंत सोन्यातच राहिला होता, आणि मनगटावरची जखम मिटलेली होती. त्या राज्यात कितीतरी काळानंतर मिटलेली ती पहिली जखम.

मग सारे जागेवर आले. चाके फिरली, दरवाजे उभे राहिले, मालजीचे हाड जुळले, राजपुत्राची टाळू भरली आणि तो रांगू लागला. राजा खुणांनी राज्य करू लागला. खूण करायची तर समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे लागे. त्यामुळे त्याचे हुकूम थोडे झाले.

भिवराने भट्टी पुन्हा पेटवली. मालजी डाव्या हाताने सांडस धरी आणि ती घाव घाली. कधी लोखंड लाल होऊन बाहेर आले की त्याचा उजवा दंड आपसूक पुढे होई. तेव्हा ती घण वरच रोखून धरी, तो डावा हात पुढे करीपर्यंत. तोवर लोखंड निवून जाई. मग ती ते पुन्हा आगीत घाली.

सुटले ते जुळले, दिले ते दिलेच राहिले. ऐकणाऱ्याचे घर सांधलेले राहो.