न शिजणारी डाळ आणि कोरड्या गोधड्या

एका गावात एक आळी होती. तिथल्या बायांइतक्या सुगरणी उभ्या मुलखात नव्हत्या, पैज लावायला तयार आहे. म्हणजे पैज हरेन, पण लावीन.

कारण त्या आळीत डाळ शिजत नव्हती.

आळीला नळ आला होता चुनखडीच्या टेकडीतून. आला तेव्हा घरोघर पेढे वाटले होते. पण पाणी होतं जड. साबण घासून घासून संपायचा, फेस काही यायचा नाही. बायांच्या केसांचा काथ्या झालेला. बंबाच्या बुडाला पांढरी खपली इतकी जाड, की पाणी तापेपर्यंत आंघोळीची हौस फिटायची. आणि डाळ? चुलीवर दोन तास रटरटली तरी दाणा न् दाणा टणक.

तरी आळीतली एकही बाई हे कबूल करत नव्हती. शेजारणीनं विचारलं की, "आमचं वरण? लोण्यासारखं हो!" आणि पाहुणा आला की पिठलं. साऱ्या आळीत, साऱ्या पाहुण्यांना, बारा महिने पिठलंच. पाहुण्यांना वाटायचं, या लोकांना पिठल्याचं भारी वेड.

अशा आळीत एका घरी नवी सून आली. माहेरी तिचं वरण नावाजलेलं. इथं पहिल्याच दिवशी सासऱ्यानं घास घेतला आणि गालावर हात ठेवला.

"सूनबाई, उद्यापासून वरणाबरोबर अडकित्ताही वाढत जा."

सासरा थट्टेखोर होता. सगळे हसले. सून हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं डाळ रात्रभर भिजवली. तिसऱ्या दिवशी वाण्याला दोष देऊन डाळ बदलली. मग सरपण बदललं, पातेलं बदललं. बदलला नाही तो डाळीचा टणकपणा.

भीत भीत ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, पाण्याचं तर नसेल?"

"पाणी साऱ्या आळीला तेच येतं," सासू म्हणाली. "मग शेजारचं वरण कसं शिजतं?"

रोज चुलीपुढं बसून सून दाणा चिमटीत दाबून बघायची, पुन्हा दाबायची, आणि बाहेर सासऱ्याचं खाकरणं ऐकलं की दचकायची.

होळी आली. नणंदेच्या सासरची माणसं जेवायला येणार होती. त्यांना काही पिठलं घालता येत नव्हतं. होळीला पुरणपोळीच हवी, आणि पुरणाला शिजलेली डाळ.

सासू म्हणाली, "पुरण बिघडलं, तर तुझ्या वडलांना निरोप धाडते. लेकीला घेऊन जा म्हणते, शिकवून पाठवा."

माहेरी धाकट्या बहिणीचं लग्न जमत आलं होतं. थोरली स्वैपाक येत नाही म्हणून परत आली, हे कळल्यावर धाकटीला कोण करणार?

तेवढ्यात तिला गावात येताना दिसलेली ओढ्याकाठची जुनी विहीर आठवली. नळ आल्यापासून तिकडं पाण्याला कुणी जात नसे. जाणं कमीपणाचं वाटे. होळीच्या आदल्या दुपारी आळी घोरू लागली, तशी तिनं कळशी गोधडीत गुंडाळली आणि निघाली. वाटेत कुणी भेटू नये म्हणून दहादा मागं बघत होती.

विहिरीवर पोचली, तर समोर शेजारीण उभी. काखेत गोधडी.

"कुठं गं?" शेजारणीनं विचारलं.

"गोधडी धुवायला. तुम्ही?"

"मीही गोधडीच."

पलीकडच्या घरातली आली, तिच्याही काखेत गोधडी. तिच्यामागून आणखी दोघी. साऱ्या आळीच्या गोधड्या विहिरीवर जमल्या, आणि एकही भिजेना. सगळ्याजणी आभाळाकडं बघत उभ्या. आणि विहिरीच्या पायऱ्या चढत, भरलेली घागर कमरेवर घेऊन वर कोण आलं? देवळात जाते सांगून गेलेली सासूबाई!

सासूनं सुनेला पाहिलं. तिला बाजूला ओढून हळूच म्हणाली, "तू काही पाहिलं नाहीस. उद्या पुरण तुझ्या हातचं म्हणून सांगते. झालं?"

सुनेनं मान हलवली. जीव भांड्यात पडला. पण घरी पोचेपर्यंतच. होळी पार पडेल. परवा पुन्हा नळाचं पाणी, पुन्हा टणक डाळ, पुन्हा वडलांना निरोपाची धमकी. रात्रभर ती तळमळली.

होळीला पुरण मेणासारखं झालं. वाढायला शेजारपाजारच्या बायाही आल्या होत्या. विहीणबाईंनी पोळी मोडली आणि म्हणाल्या, "अगबाई, काय मऊ! हात कुणाचा?"

"सुनेचा हो," सासू म्हणाली.

सुनेनं तुपाची वाटी खाली ठेवली. गप्प बसणं किती सोपं होतं!

"हात रोजचाच आहे," ती म्हणाली. "पाणी तेवढं विहिरीचं."

सासूचं तोंड उतरलं. आता माहेरी धाडतात मला, सुनेला वाटलं. तेवढ्यात शेजारीण पुटपुटली, "आमचंही." दुसरी म्हणाली, "नळाच्या पाण्यात आमची डाळ कधी शिजलीच नाही."

"म्हणजे मला दरवेळी पिठलं घालत होतात ते..." विहीणबाई म्हणाल्या, आणि त्यांना हसताना ठसका लागला.

सासू मटकन पाटावर बसली. "नळ आला तेव्हा मी नवी सून होते," ती म्हणाली. "माझी सासू मला हेच म्हणायची. मी वर्षानुवर्षं माझाच हात वाईट समजत होते. विहिरीचं पाणी वापरून बघितलं, तेव्हा कळलं. पण तोवर बोलायची सवय मोडली होती."

दुसऱ्याच दिवशी आळी बसली आणि ठरलं: धुण्याभांड्याला नळ, स्वैपाकाला विहीर. पिंप भरून रोज बैलगाडीनं पाणी आणायचं. गाडी सासऱ्याची, हाकणाराही सासराच. घरोघर वरण शिजू लागलं आणि कुणाचीच सून माहेरी गेली नाही.

सासरा मोठ्या ऐटीत पाणी वाटत फिरायचा. एकदा भुरका मारून, मिशी पुसून म्हणाला, "सूनबाई, या साऱ्याचं तात्पर्य ऐकून ठेव. दुखणं सगळ्यांचं असतं, आणि जो तो ते आपलंच समजून झाकतो. पहिलं माणूस बोललं, की साऱ्यांची सुटका."

सून त्याच्या पानात वरण वाढत म्हणाली, "खरंय, मामंजी. पण तुमचा मळा त्या विहिरीला लागूनच आहे. तुमची गाडी आधीही रोज तिथनंच घरी यायची. रिकामी."