शिंगं आली कुठून?

फार फार पूर्वीची, लोखंड कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठी मासेमारांची एक वस्ती होती. मासा मारायचा तो सांबरशिंगाच्या टोकाच्या भाल्याने. ही टोकं करायची एकटी म्हातारी. शिंगं खड्ड्यातल्या पाण्यात पंधरा दिवस भिजवायची, नरम झाली की गारगोटीने तासायची.

पलीकडच्या रानात सांबरं होती. ते रान देवाचं. तिथे शिकार करील त्याला वस्तीतून हाकलायचं, असा नियम. भीतीने तिकडे कुणी फिरकत नसे. म्हातारी मात्र दर उन्हाळ्यात जायची आणि काखेत शिंगं घेऊन यायची.

त्या वर्षी म्होरक्या नवा होता, आणि भारी शंकेखोर! त्याने विचारलं, "आजे, शिंगं आली कुठून?"

"सांबर दरवर्षी टाकतं, बाबा. मी वेचते."

"टाकतं? आमचे हात गळून पडतात का कधी?"

सगळे हसले. मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला! एकाला तिच्या बोटांवर रक्त दिसल्याचं आठवलं. गारगोटीने कापलेलं बोट होतं ते, पण विचारतो कोण? दुसरीला तिच्या चुलीवर मांस भाजल्याचा वास आला होता म्हणे.

"एकही जीव मारला नाही रे मी," म्हातारी रडली. "चला माझ्याबरोबर, दाखवते."

देवाच्या रानात कोण जाणार? तिला हाकलून दिलं. रक्त सापडेल म्हणून म्होरक्याने तिचा खड्डाही उपसला. नुसता चिखल निघाला. भिजत घातलेली शिंगं बाहेर उन्हातच पडून राहिली.

मोठे मासे प्रवाहाच्या उलट वर चढायचे दिवस आले. म्होरक्या स्वतः टोकं तासायला बसला. वाळलेली शिंगं ती, घाव घातला की तडकत. मासे डोळ्यांदेखत निघून गेले. पोरं भुकेने रडू लागली.

तरी संशय जाईना बरं का! "रानात हाडं सापडतीलच," म्हणत, देवाची भीती बाजूला सारून तो पुरावा शोधायला निघाला. हाडं कुठेच नव्हती. एक थोराड सांबर झाडाला डोकं घासत होतं. खट्! शिंग खाली पडलं. सांबर आपलं चरायला लागलं.

म्होरक्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते शिंग घेऊन तो म्हातारीला शोधत सुटला. तिसऱ्या दिवशी ती खालच्या वस्तीत सापडली. तिथल्या लोकांसाठी टोकं तासत होती.

"आजे, चुकलो. घरी चल."

म्हातारीने शिंगावरून बोट फिरवलं. "चांगलं आहे. पंधरा दिवस भिजव. तासायचं कसं ते शिकवते, पोरं उपाशी नकोत. पण मी येणार नाही. टाकलेलं शिंग पुन्हा डोक्याला चिकटत नाही रे, बाबा."

म्हणून सांगते, जे रान आपण पाहिलं नाही, तिथून येणाऱ्यावर आळ घेऊ नये.