खुर्चीतला सबवूफर

नगरसेवक भुजंगराव मोहित्यांचं ऑफिस जेमतेम दहा बाय दहाचं, पण स्पीकर हवे होते लग्नाच्या हॉलमध्ये लावतात तसले. स्पीकर बसवून देणारी शकुंतला कुंभार म्हणाली, "साहेब, एवढ्याशा खोलीला दोन छोटे स्पीकर आणि ढोलासारखा जाड आवाज देणारा हा आठ इंची सबवूफरचा खोका पुरे. मोठा आणलात तर नुसत्या भिंती घुमतील."

"बरं, तोच लाव. ठेवायचा कुठे?"

तिने सबवूफर उचलून थेट साहेबांच्या खुर्चीत ठेवला आणि गाणं लावलं. "ऐकणारा जिथे बसणार, तिथे आधी हा ठेवायचा. आता तुम्ही भिंतीच्या कडेने रांगत फिरा. जिथे आवाज स्वच्छ लागेल, तिथे याची जागा. आमच्या कामात असंच बघतात."

साहेब रांगू लागले. दारातले कार्यकर्ते तोंड दाबून हसले, तसे ते भडकले. "खोका माझ्या खुर्चीत आणि मी जमिनीवर? किती वेळ?"

"दहा मिनिटं, साहेब. ऑपरेशनच्या मदतीच्या अर्जावर तुमची सही मिळावी म्हणून माझे वडील याच फरशीवर अकरा दिवस बसले होते. बाराव्या दिवशी तुम्ही सही केलीत, तेव्हा ते तिरडीवर होते."

हसणं थांबलं. साहेब गुडघ्यांवरच राहिले. खुर्चीतला खोका तेवढा घुमत होता.