माळावरचं फाटक

नेमक्या कुठल्या काळातली ही गोष्ट, ते आता कुणालाच सांगता येत नाही. एका गावात घोंगड्या विणणारी एक विधवा राहत होती. लोक तिला अक्का म्हणत. त्या गावात जातीगणिक पाणवठा वेगळा होता. एका वर्षी तापाची साथ आली, आणि विटाळाच्या भयानं आजाऱ्याच्या तोंडात पाणी घालायलाही कुणी जाईना. अक्का मात्र पेजेचं मडकं घेऊन घरोघर फिरली. घर कुठल्या आळीतलं, हे तिनं पाहिलं नाही.

वाचलेली माणसं तिच्याभोवती जमली आणि एका पंगतीत जेवू लागली. गावानं त्यांना वाळीत टाकलं, तेव्हा अक्कासकट ती सगळी गावावरच्या उंच माळावर राहायला गेली. अक्कानं त्यांना एवढंच सांगितलं होतं, की दारी येईल त्याला जात विचारायची नाही.

या माणसांचा पुढं एक पंथ झाला, आणि अक्का वारल्यावर चांगोजी त्याचा प्रमुख झाला. तापातून तिनंच उठवलेला हा माणूस मनानं चांगला होता. पण गावातल्या काहींनी माळावरच्या झोपड्या पेटवल्या आणि त्यात दोन लेकरं गेली. तेव्हा चांगोजीनं माळावर चढणाऱ्या एकुलत्या वाटेवर, दोन कड्यांच्या मधे, भक्कम फाटक बसवलं. पंथाची दीक्षा घेतल्याशिवाय कुणी आत यायचं नाही, असं ठरलं.

वर्षं गेली. आग लावणारे मेले, भीतीही गेली, नियम तेवढा राहिला. तो अक्काचाच शब्द आहे, असं मुलांना शिकवलं जाऊ लागलं. चांगोजीची मुलगी कोंडाई हिनं गावातल्या एका कुंभाराशी लग्न केलं, तेव्हा पंथानं तिच्याशी संबंध तोडले. चांगोजीनं ते होऊ दिलं.

मग एका श्रावणात तळ्याचा बांध फुटला. भर दुपारी गावात पाणी शिरलं आणि लोक माळाच्या वाटेनं वर धावले. फाटक बंद होतं. सगळ्यांच्या पुढं कोंडाई होती, कडेवर वर्षाची पोर.

"आबा, मला नका घेऊ," ती म्हणाली. "हिला तेवढी घ्या."

चांगोजीचा हात अडसरावर गेला. मागं सारा पंथ उभा होता. त्यातला एक जण हळूच म्हणाला, की आज पोटच्या पोरीसाठी नियम मोडलात, तर उद्या तो कोण पाळील?

चांगोजीनं हात मागं घेतला. "लेकराची दीक्षा झालेली नाही," तो म्हणाला.

पाणी वाटेवर चढत गेलं. दुसऱ्या दिवशी ओसरलं, तेव्हा फाटकाशी एकवीस प्रेतं होती. कोंडाईची बोटं फळ्यांच्या फटीत अडकलेली होती. तिची पोर सापडली नाही.

आता लोक आपल्या तोंडावर थुंकतील, असं चांगोजीला वाटलं. झालं उलटंच. त्या दिवसावर कवनं रचली गेली. पोटच्या पोरीपुढंही न डगमगलेला गुरू पाहायला लांबून माणसं येऊन दीक्षा घेऊ लागली, आणि दर वर्षी त्या तिथीला मोठी पंगत बसू लागली.

तिसऱ्या वर्षी कवन चालू असताना चांगोजी पंगतीतून उठला.

"ती निष्ठा नव्हती," तो म्हणाला. "मी तुम्हाला भ्यालो होतो."

त्यानं कुऱ्हाड घेतली आणि फाटक तोडायला लागला. दोन फळ्या निघाल्या, तोवर त्याच्याच शिष्यांनी त्याचे हात धरले. म्हातारपणी गुरूंचं चित्त ढळलं, असं सगळ्यांनी ठरवलं. नियम मोडला म्हणून त्याला माळाखाली नेऊन सोडलं आणि सांज व्हायच्या आत नव्या फळ्या ठोकल्या.

पुरानंतर उजाड झालेल्या खालच्या गावात एका पडक्या भिंतीच्या आडोशाला तो राहिला. पौषातल्या थंडीत तिथंच मेला. उचलायला कुणी आलं नाही. वर त्याच्या थोरवीचं कवन मात्र दर वर्षी म्हटलं जात राहिलं.

तात्पर्य: अन्यायाविरुद्ध उभा राहिलेला पंथही माणसापेक्षा नियम मोठा मानू लागला, की तोच अन्याय नव्या नावानं करतो; आणि वेळेवर न उघडलेलं दार पुढं उघडू म्हटलं तरी उघडता येत नाही.